शॅल आणि मे : सरकार आपलं देणं लागतं की मेहेरबानी करतं?

'आपल्या अर्जावर नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.'

हे वाक्य तुमच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या फायलीत नक्की सापडेल. वाचताना बरं वाटतं. पण जरा थांबून विचारा. कार्यवाही करणार कोण? कधी करणार? आणि नाही केली तर? तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या वाक्यात नाहीत. आणि ते 'येईल' म्हणजे तरी नेमकं काय? वचन, अंदाज, की नुसतं 'बघू'?

याचं उत्तर शोधायला दोन छोट्या इंग्रजी शब्दांकडे जावं लागतं : शॅल आणि मे. पोस्ट मोठी आहे आणि मधे थोडा व्याकरणाचा तासही आहे. पण विषय तुमच्या दाखल्याचा आहे, जामिनाचा आहे, उसाच्या बिलाचा आहे आणि तुमच्या नगरसेवकाचाही आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

पहिला प्रश्न साहजिक आहे. राज्याचा कारभार मराठीत चालतो, मग इंग्रजी शब्दांची उठाठेव कशाला? कारण संविधानाचं कलम ३४८. संसद वेगळी तरतूद करत नाही तोवर सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालेल आणि कायदे, नियम, आदेश यांचा अधिकृत पाठ इंग्रजी असेल, असं ते सांगतं. राज्याच्या विधिमंडळानं कायदा मराठीत केला, तरी राजपत्रात राज्यपालांच्या प्राधिकारानं छापलेला इंग्रजी अनुवाद हा अधिकृत इंग्रजी पाठ धरला जातो. म्हणजे गावातलं भांडण मराठीत होतं, अर्ज मराठीत होतो, पण प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं की वकील इंग्रजी पाठ उघडतो आणि बोट ठेवतो एका शब्दावर. तिथं शॅल आहे की मे, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आता शब्दांकडे येऊ.

व्याकरणाच्या दृष्टीनं दोघे सख्खे भाऊ. दोन्ही सहायक क्रियापदं. एकटे फारसे वापरले जात नाहीत, पुढे मूळ क्रियापद लागतं. कर्ता एकवचनी असो की अनेकवचनी, त्यांचं रूप बदलत नाही. 'ही गोज' होतं, पण 'ही शॅल्स' किंवा 'ही मेज' कधी होत नाही. शुड आणि माइट ही त्यांची जुनी भूतकाळी रूपं, पण आज त्यांचे स्वतंत्र अर्थ आहेत. शुड म्हणजे सल्ला, माइट म्हणजे धूसर शक्यता.

अर्थाच्या बाबतीत मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

मे आपल्याला पहिलीपासून ओळखीचा. 'मे आय कम इन, सर?' दारात उभं राहून परवानगी मागायची. हा झाला परवानगीचा मे. 'इट मे रेन' म्हणजे पाऊस येऊ शकेल, हा शक्यतेचा मे. आणि 'मे गॉड ब्लेस यू' म्हणजे देव तुझं भलं करो, हा इच्छेचा मे. कायद्यात यातला पहिला लागतो, पण उलटा होऊन. तिथं दारात आपण उभे असतो आणि मे खुर्चीवरच्या माणसाच्या हातात असतो. 'अधिकारी मे ग्रँट' म्हणजे अधिकाऱ्याला देता येईल. द्यायचं की नाही, हे तो ठरवणार.

शॅल आपण शाळेत अर्धवट शिकलो. 'आय' आणि 'वुई'ला शॅल, बाकी सगळ्यांना विल, एवढं पाठ केलं आणि मार्क मिळवले. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञानं १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. पण त्याचा दुसरा भाग सहसा कोणी नीट सांगत नाही. 'आय शॅल'मध्ये नुसता भविष्यकाळ असतो. पण 'यू' किंवा 'ही'ला शॅल लावलं की ते वचन होतं, धमकी होते किंवा हुकूम होतो. 'ही शॅल गो' म्हणजे तो जाईल असा अंदाज नव्हे. त्याला जावंच लागेल, असा आदेश. आणि कायद्यात कर्ता जवळजवळ नेहमी तृतीय पुरुषी असतो : अधिकारी, शासन, कारखाना, न्यायालय. म्हणून शाळेत जो अपवाद म्हणून सोडून दिला, तोच कायद्याचा मुख्य अर्थ आहे.

शब्दाचं मूळ पाहिलं तर गंमत आणखी पुढे जाते. जुन्या इंग्रजीत शॅलचा मूळ अर्थ होता 'देणं असणं', पैशाचं किंवा कर्तव्याचं. जर्मनमध्ये त्याच कुळातला शुल्ड हा शब्द आजही कर्ज आणि दोष या दोन्ही अर्थांनी चालतो. मेचा मूळ अर्थ होता 'ताकद असणं'. इंग्रजीत माइट म्हणजे बळ, तो याच घरातला. म्हणजे एक शब्द कर्जाचा आणि दुसरा सत्तेचा.

आणि आता आपली मराठी बघा. 'मी त्याचे शंभर रुपये देणं लागतो.' 'मला उद्या जावं लागतं.' कर्जालाही लागणे आणि सक्तीलाही लागणे! इंग्रजीतलं मूळ शोधायला शब्दकोश उघडावा लागतो, आपल्याकडे ते रोजच्या बोलण्यात उघड्यावर पडलेलं आहे. म्हणून शॅलचा मराठी अर्थ मी एका वाक्यात असा सांगतो : कायद्यात जिथं शॅल आहे, तिथं समोरचा तुमचं देणं लागतो. जिथं मे आहे, तिथं त्याच्या हातात मुभा आहे.

हा फरक किती मोठा आहे ते जामिनात दिसतं. जामीनपात्र आणि अजामीनपात्र हे शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६ सांगत होतं की जामीनपात्र गुन्ह्यातला माणूस जामीन द्यायला तयार असेल, तर त्याला सोडलं जाईल, 'शॅल बी रिलीज्ड'. कलम ४३७ अजामीनपात्र गुन्ह्यांचं. तिथं 'मे बी रिलीज्ड'. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलमांचे आकडे ४७८ आणि ४८० झाले, पण शॅल आणि मे आपापल्या जागी तसेच राहिले. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं पुष्कळ लोक समजतात. तसं नाही. एका ठिकाणी जामीन हे देणं आहे, दुसऱ्या ठिकाणी तो न्यायालयाच्या विवेकावर आहे. एका शब्दाच्या फरकानं माणूस रात्री घरी झोपतो किंवा कोठडीत.

पण नुसतं शॅल दिसलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. देणं म्हटलं की गावातला साधा माणूससुद्धा चार गोष्टी विचारतो : देणारा कोण, घेणारा कोण, मुदत कधीची आणि मुदत टळली तर व्याज किती. ऋणको, धनको, मुदत, व्याज. कायद्यातलं शॅलही याच चार प्रश्नांनी तपासायचं. चारही उत्तरं मिळाली तर ते शॅल खणखणीत. एक जरी गाळलेलं असेल, तर शब्द शॅल असला तरी हातात पडतं ते मे.

खणखणीत शॅलचं उदाहरण उसाचं घ्या. ऊस नियंत्रण आदेश, १९६६. कारखान्यानं शेतकऱ्याचा ऊस घेतला की १४ दिवसांत पैसे द्यायचे, तिथं शॅल आहे. नाही दिले तर १४ दिवसांनंतरच्या विलंबासाठी द.सा.द.शे. १५ टक्के व्याज द्यायचं, तिथंही शॅल आहे. देणारा कारखाना, घेणारा शेतकरी, मुदत १४ दिवस, व्याज १५ टक्के. चारही खाने भरलेले. मात्र त्याच वाक्याच्या मधे एक छोटी खिडकी आहे : दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार नसेल तर. म्हणून ऊस नोंदीच्या वेळी करारपत्राची जी चळत सहीसाठी पुढे येते, त्यात पैसे देण्याच्या मुदतीबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. कायद्यानं दिलेलं शॅल आपण आपल्याच सहीनं मऊ करून देऊ शकतो.

दुसरं उदाहरण माहिती अधिकाराचं, २००५ च्या कायद्याचं. माहिती अधिकाऱ्यानं अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची, शॅल. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यायची, शॅल. वाजवी कारणाशिवाय टाळाटाळ केली तर आयोगानं रोज २५० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड लावायचा, तिथंही शॅल. पहिल्या अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. इथपर्यंत कायदा चोख आहे. पण दुसरं अपील आयोगाकडे गेलं की त्याच्या निकालाला कायद्यात मुदतच नाही! बघा, मुदतीचा खाना एका ठिकाणी रिकामा राहिला आणि अख्खी साखळी तिथंच अडकली. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला वर्षं जातात, ही तक्रार महाराष्ट्रातल्या अर्जदारांना नवीन नाही.

मुदत नसलेल्या शॅलचा सगळ्यात बोलका नमुना तर संविधानातच आहे. विधानसभेनं अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत असं कलम १७८ सांगतं. लोकसभेसाठी तेच कलम ९३. दोन्हीकडे शब्द आहेत 'शॅल, अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी'. एकाच वाक्यात दोघे भाऊ शेजारी शेजारी बसलेत! शॅल म्हणतो निवडायलाच हवं, आणि शेजारचा मे हळूच म्हणतो, जमेल तेवढ्या लवकर. परिणाम काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या विधानसभेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नवे अध्यक्ष निवडले गेले ३ जुलै २०२२ रोजी. तिकडे दिल्लीत सतराव्या लोकसभेनं, २०१९ ते २०२४, पूर्ण कार्यकाळ उपाध्यक्षाविना काढला. राज्यात सत्ता एकांची, केंद्रात दुसऱ्यांची. शब्दातली फट मात्र दोघांनाही सापडली. म्हणून हा विषय पक्षाचा नाही.

मग मुदत असली की काम भागतं का? तेही नाही. आपल्या महापालिका बघा. संविधानाचं कलम २४३-यू म्हणतं की नगरपालिका, महापालिका पाच वर्षं चालेल, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण होईल. दोन्हीकडे शॅल. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली अहमदाबादच्या एका प्रकरणात ही मुदत बंधनकारक असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. तरी काय झालं? नवी मुंबई, कोल्हापूर, औरंगाबाद यांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबई, पुणे, नाशिकची मार्च २०२२ मध्ये. सगळीकडे प्रशासक बसले. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभाग रचनेत बदल, त्यावर पुन्हा न्यायालयीन स्थगिती. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी (हा मे महिना, घोळ नको!) चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला. तीही मुदत पुढे जाऊन ३१ जानेवारी २०२६ झाली आणि महापालिकांचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे मुंबईकर पावणेचार वर्षांहून जास्त काळ नगरसेवकाविना राहिला. घरपट्टी, पाणीपट्टी मात्र वेळेवर, कारण तिथं आपल्याकडून उशीर झाला तर दंड ठरलेला आहे.

इथं कारणं खोटी होती असं माझं म्हणणं नाही. कोविड खरा होता, आरक्षणाचा प्रश्नही खरा होता, आणि उशिराचा काही भाग न्यायालयातच गेला. मुद्दा वेगळा आहे. त्या शॅलमध्ये देणारा होता, मुदत होती, पण मुदत टळली तर कोणाला काय भोगावं लागेल, हा खाना रिकामा होता. बिनव्याजी कर्ज कोण घाईनं फेडतं?

आणि कधी कधी तर धनकोच गायब असतो. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं घ्या. ग्रामपंचायती संघटित करण्यासाठी राज्य पावलं उचलेल, समान नागरी कायद्यासाठी प्रयत्न करील, अशी कलमांमागून कलमं शॅलनं भरली आहेत. पण त्यांच्या डोक्यावर कलम ३७ बसलंय : ही तत्त्वं कोणत्याही न्यायालयाकडून अंमलात आणता येणार नाहीत. देणं कबूल, पण वसुलीचा दावा लावता येणार नाही. संविधानकर्त्यांनी हे विचारपूर्वक केलं. नवजात देशाच्या तिजोरीत काय आहे, ते त्यांना माहीत होतं. तरी वाचताना फरक कळला पाहिजे.

अजून एक जागा चकवते. कलम १६(४) मध्ये, नोकरीतल्या आरक्षणाच्या तरतुदीत, शॅल आहे. पण त्याचा कर्ता 'राज्य' नाही. कर्ता आहे 'नथिंग', म्हणजे 'या कलमातली कोणतीही गोष्ट'. या कलमातली कोणतीही गोष्ट राज्याला आरक्षणाची तरतूद करण्यापासून रोखणार नाही, असं ते वाक्य आहे. शॅल कलमाला बांधतं, राज्याला मोकळं करतं. म्हणून न्यायालयं या तरतुदीला राज्याला सक्षम करणारी तरतूद म्हणतात. राजकीय सभेत कोणी संविधानात शॅल आहे म्हणून छाती ठोकली, की आधी विचारा : कर्ता कोण? चौथीतलं व्याकरण इथं कामी येतं.

न्यायालयं या शब्दांकडे कशी बघतात? ती नुसत्या शब्दावर थांबत नाहीत. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल असं कलम ३२०(३) शॅल वापरून सांगतं. तरी १९५७ साली उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हे बंधनकारक नाही, निदेशात्मक आहे, आणि सल्ला घेतला नाही म्हणून कर्मचाऱ्याला दाद मागता येणार नाही. दिवाणी दाव्यात प्रतिवादीनं कैफियत ९० दिवसांत द्यायची. २००५ साली न्यायालय म्हणालं, ही मुदत अपवादात्मक परिस्थितीत वाढवता येईल. पण ग्राहक मंचात विरुद्ध पक्षानं ३० अधिक १५ अशा ४५ दिवसांत उत्तर द्यायचं, ती मुदत मात्र २०२० साली घटनापीठानं पक्की ठरवली. असं का? एक महत्त्वाचं कारण असं की दिवाणीच्या तरतुदीत उशिराचा परिणाम लिहिलेला नव्हता आणि ग्राहक कायद्यात लिहिलेला होता. पुन्हा तेच. व्याजाचा खाना!

उलटही होतं. मे असला तरी न्यायालय कधी कधी तो शॅल म्हणून वाचतं. अधिकार एखाद्याच्या भल्यासाठी दिलेला असेल आणि त्या माणसानं सगळ्या अटी पूर्ण केल्या असतील, तर 'माझी मर्जी' म्हणून अधिकाऱ्याला हात वर करता येत नाहीत. अधिकाराच्या पोटात कर्तव्य असतं, हा विचार इंग्लंडमध्ये १८८० सालच्या एका गाजलेल्या निकालापासून चालत आला आणि आपल्या न्यायालयांनीही तो घेतला.

आणि मे म्हणजे वाईट, असं कृपा करून समजू नका. सगळीकडे शॅल लावलं तर कायदा दगडाचा होईल. अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायाधीशाला मे दिला नसता, तर आजारी म्हाताऱ्यालाही दार बंद झालं असतं. माहिती अधिकाराच्या कलम ८(२) मध्येही मे आहे : गोपनीय ठरणारी माहितीसुद्धा, जनहित जास्त असेल तर, देता येईल. हा मे नागरिकाच्या बाजूचा. माझा आक्षेप मेवर नाही. मे शॅलचे कपडे घालून आपल्या दारात येतो, त्यावर आहे.

आणि इथं आपली सरकारी मराठी दोषी आहे.

मराठी कायद्यांत शॅलसाठी 'करील', 'असेल', 'करण्यात येईल' अशी रूपं येतात आणि मेसाठी 'करता येईल'. आता ही दोन रूपं शेजारी ठेवा : 'देण्यात येईल' आणि 'देता येईल'. पहिलं देणं, दुसरी मुभा. फरक जेमतेम दोन अक्षरांचा. घाईत वाचणाऱ्या माणसाला तो दिसतच नाही. शिवाय 'करण्यात येईल'मध्ये मोठी सोय अशी की कर्ता गायब. कोण करणार, हे सांगायची गरजच उरत नाही. आपलं साधं भविष्यकाळी रूपही हुकुमाचा भार पेलत नाही. 'पाऊस येईल' आणि 'दाखला देण्यात येईल' यांतलं 'येईल' एकच. त्यामुळे हवामानाचा अंदाज आणि कायद्याचं कर्तव्य एकाच सुरात ऐकू येतं. शासन निर्णयातला 'करावी', 'करण्यात यावी' हा विध्यर्थ तर आणखी लवचीक. शाळेच्या व्याकरणात विध्यर्थाचे अर्थ दिलेत कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा. अधिकाऱ्यानं त्यातला सोयीचा घ्यावा!

बरं, मराठीकडे शब्द नाहीत का? आहेत की. 'दिलाच पाहिजे.' 'द्यावाच लागेल.' 'देणे बंधनकारक आहे.' त्या एका 'च'मध्ये जेवढा जोर आहे तेवढा इंग्रजीच्या अख्ख्या शॅलमध्ये नाही. जगातही बदल होतोय. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या संविधानात कर्तव्यासाठी शॅलऐवजी सरळ 'मस्ट' वापरला, म्हणजे 'केलंच पाहिजे'. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी नियमांमधून २००७ च्या फेरलेखनात शॅल काढून टाकला, कारण त्याचे अर्थ फार झाले होते. इंग्रजीवालेच ज्या शब्दाला कंटाळले, त्याचं अर्धमुर्धं भाषांतर आपण अजून किती वर्षं वाचायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात निघणाऱ्या प्रत्येक मराठी कायद्यात, नियमात, शासन निर्णयात कर्तव्याचं वाक्य कर्त्यासकट लिहा. 'दाखला देण्यात येईल' नको. 'तहसीलदाराने अमुक दिवसांत दाखला दिलाच पाहिजे. न दिल्यास अमुक' असं हवं. जिथं मुभा द्यायची तिथं उघडपणे 'देऊ शकेल' लिहा, आम्हाला वाईट वाटणार नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पेढे वाटले, चांगलंच झालं. आता ती भाषा नागरिकाच्या बाजूनं स्पष्ट बोलायला लागली तर त्या दर्जाला अर्थ.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातात काय आहे?

कुठलंही सरकारी पत्र, सोसायटीची उपविधी, कारखान्याचं करारपत्र, विम्याची पॉलिसी हातात आली की पेन्सिल घ्या. 'करील', 'करण्यात येईल' खाली एक रेघ, 'करता येईल', 'करू शकेल' खाली दोन रेघा. एक रेघ म्हणजे देणं, दोन रेघा म्हणजे मुभा. मग एकरेघी वाक्याला विचारा : देणारा कोण, घेणारा कोण, मुदत कधी, व्याज काय. जो खाना रिकामा दिसेल त्यावर लेखी प्रश्न विचारा. सभेत विचारा, ग्रामसभेत विचारा, अर्जात विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज लिहिताना भाषा बदला. जिथं कायद्यात शॅल आहे तिथं 'कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती' असं लिहू नका. तिथं लिहा : 'अमुक कायद्याच्या अमुक कलमानुसार मला अमुक तारखेपर्यंत ही सेवा मिळणे बंधनकारक आहे.' सहानुभूती मेसाठी राखून ठेवा, तिथं ती खरंच लागते.

आपलं देणं मागायला गेलेला माणूस हात जोडून उभा राहत नाही. तो हिशेबाची वही उघडतो.